कुंभकोणमचे बुद्ध आणि माझी यमू

शाळेत मी सांगितलं, बुद्धाच्या मूर्ती पाहायला चालले आहे. ते खोटं नव्हतं. पुढच्या वैशाखात बुद्धाच्या परिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं पुरी होणार, म्हणून सध्या कुठलंही मासिक उघडा, बुद्धच दिसतो. त्यातच कुठेतरी वाचलं होतं, की कावेरीच्या काठी, चोळांच्या मुलखात, जुन्या बुद्धमूर्ती शेतांतून आणि झाडांखाली अजून बसलेल्या आहेत, आणि तिथली माणसं त्यांना भलत्याच नावांनी पुजतात. इतिहास शिकवणाऱ्या बाईला नाताळच्या सुट्टीत एवढं निमित्त पुष्कळ झालं.

खरं कारण यमू. माझी धाकटी बहीण. तिच्या जन्माच्या वेळी आई गेली, तेव्हा मी शाळा नुकतीच संपवली होती. पुढे वडीलही गेले. यमूला मी वाढवलं, शिकवलं, आणि कुंभकोणमच्या एका मराठी वकिलाचं स्थळ सांगून आलं तेव्हा, इतक्या लांब कशाला, असं मनात दहा वेळा म्हणत लग्नही लावून दिलं. ती माणसं मराठेशाहीत तंजावरकडे गेलेल्यांच्या वंशातली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

आता यमूला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे मी. तिला न्यायला येते असं कळवलं, तर उत्तर आलं, "ताई, तू ये तर खरी. मग बोलू." हे 'मग बोलू' घेऊन मी पुण्याहून मद्रासपर्यंत बसले होते. तिसऱ्या वर्गातली लाकडी बाकंसुद्धा त्याच्यापुढे मऊ वाटली.

जाणाऱ्या बायकांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवते. ट्रंक नेऊ नका. मी लष्करी मालाच्या लिलावातून घेतलेली, पाठीवर अडकवायची खाकी पिशवी नेली होती. मद्रासला एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जावं लागतं आणि तिथून पुढे छोट्या रुळांची गाडी, त्यामुळे हात मोकळे असलेले बरे. लोक बघतात, बघू द्यावं. एका हमालाने माझ्या पाठीकडे बोट दाखवून दुसऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं पोट धरून हसले. मला तमिळ येत नाही हे त्या दिवशी सुखाचं वाटलं. दुसरी गोष्ट, चिदंबरम गेलं की खिडकी सोडू नका. भाताची शेतं सोनेरी व्हायला लागलेली असतात आणि मध्येच एखादं गोपूर वर येतं. मैल न् मैल ते तुमच्याबरोबर चालतं.

घर मेलकावेरीला, नदीच्या अंगाला. मार्गळी, म्हणजे आपला धनुर्मास, चालू होता, म्हणून दारोदार रांगोळ्या, आणि प्रत्येक रांगोळीच्या मध्यावर शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. यमूच्या दारातली रांगोळी सगळ्यात मोठी होती. ती इतकी रेखीव काढायला कधी शिकली? माझ्याकडे असताना तिला चार ठिपके सरळ यायचे नाहीत.

विहीणबाई दारात आल्या. बारीक, काळ्यासावळ्या, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या.

"आलांत कीं! बैसा. पायांस पाणी घ्या. यमू, अक्काला कापी दे. उभी कां राहिलीस गे?"

मी मराठीही शिकवते. माझ्या आजीच्याही आजीने बोलले असतील असे शब्द ह्या बाईच्या तोंडून तमिळ हेलात येत होते, आणि माझी यमू त्याच हेलात म्हणाली, "देत्यें, अम्मा."

देत्यें! मी पिशवी खाली ठेवली ती जरा आपटूनच.

यमू तजेलदार दिसत होती. तेही मला खुपलं. ती सुकली असती, माझ्या गळ्यात पडून रडली असती, तर किती बरं झालं असतं, असं मनात आलं. खरंच आलं. आलं ते लिहिते.

मी तुळशीबागेतून हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. खोका उघडला आणि यमूचा हात हातात घेतला, तर कोपरापर्यंत काच. इकडे सातव्या महिन्यात बांगड्या भरण्याचा मोठा सोहळा असतो, तो होऊन गेला होता.

"पोर होईतों काढायच्या नाहींत," विहीणबाई म्हणाल्या. "तोंवर एकही फुटूं नये. तुमच्या मग घालील."

"हो, मग घालीन," यमू म्हणाली आणि तिने खोका कपाटात ठेवला. माझ्या बांगड्यांना तिच्या हातावर जागा नव्हती.

मी न्यायचा विषय काढला, तर विहीणबाई म्हणाल्या, "उद्यां तुम्हांस तुमचा बुद्ध दाखवूं. मग बोलूं." हे 'मग बोलू' कुठून आलं होतं तेही कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. पहिली मूर्ती गावातच, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर, एका लहानशा गणपतीच्या देवळात. कोपऱ्यात काळ्या दगडाचा बुद्ध मांडी घालून बसलेला. कमरेला धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात शेवंतीची माळ. लोक त्याला 'भगवर' म्हणतात. मी पिशवीतून भिंग काढलं आणि कानांच्या पाळ्या, मस्तकावरची ज्योत पाहू लागले.

"काय शोधितात?" विहीणबाईंनी यमूला विचारलं.

"ताई कुठेही गेली तरी तपासत्ये," यमू म्हणाली. "माझं डोकंसुद्धा असंच तपासायची. उवांसाठी."

दोघी हसल्या. मग तमिळमध्ये आणखी काहीतरी बोलून पुन्हा हसल्या. पुजारीही हसला. मी भगवराच्या कानाकडे बघत राहिले. इतक्या लांब कानांनी त्याला तरी ते कळलं असेल.

तिथून जटक्याने, म्हणजे तिकडच्या टांग्याने, स्टेशन. कुंभकोणमला भटकणाऱ्यांनी स्टेशनजवळच्या कुठल्याही ब्राह्मणी हॉटेलात खुशाल खावं. केळीच्या पानावर वाफाळत्या इडल्या, आणि पितळेच्या वाटी-पेल्यात वरून ओतून फेसाळवलेली कापी, म्हणजे कॉफी, सगळं मिळून चार-सहा आण्यांत. विहीणबाईंनी मात्र बाहेर काही घेतलं नाही. त्यांच्याजवळ पानात बांधलेला चिंचेचा भात होता. यमूच्या पानावरची चटणी त्यांनी न विचारता उचलून बाजूला केली.

"तिला चटणी आवडते," मी म्हटलं.

"आवडत होती. आतां जळजळतें."

"मला सांगितलं नाही."

"मजलाही सांगितलें नाहीं," विहीणबाई म्हणाल्या. "रात्रीं उठून बसत्ये, तें दिसतें."

मी कापी प्याले. ती उत्तम होती, आणि ह्याचासुद्धा राग आला.

तिरुविडैमरुदूर गाडीने जवळच. मोठं थोरलं शिवालय, रुंद वीथ्या, घरांपुढे लांब ओसऱ्या. ते देऊळ निवांत पाहायचं तर वेगळा दिवस ठेवा. आम्ही बाहेरूनच नमस्कार करून बैलगाडी केली. गाडीवाला माणिक्कम, ओळखीचा. त्याने यमूसाठी आधीच गुडघाभर पेंढा अंथरला होता. पेंढ्यावर गोधडी, तिच्यावर यमू, आणि तिच्या पाठीमागे, स्वतःच्या अंगाचा लोड करून, विहीणबाई. मला पुढे माणिक्कमच्या शेजारी जागा मिळाली. वाट अशी, की दोन्हीकडे ओंब्या झुकलेल्या, मध्ये पाटाचं पाणी, आणि बगळे आमच्यापेक्षा भराभर चालणारे. चाक खड्ड्यात गेलं की मी मागे वळायची. तोवर विहीणबाईंचा हात यमूच्या कमरेमागे गेलेला असायचा. प्रत्येक वेळी.

माणिक्कमने मला काही विचारलं. यमूने भाषांतर केलं. "तो म्हणतो, ह्या अम्मा चेट्टियाराला बघायला एवढ्या लांबून आल्या? त्याच्याकडून काही उधार घेतलंय का?"

चेट्टियार म्हणजे वाणी, सावकार. त्या वस्तीतले पुरुष बुद्धाला चेट्टियार म्हणतात, कारण तो दुकानदारासारखा मांडी ठोकून, हात मांडीत घेऊन, गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला आहे. बायका त्याला मुनी म्हणतात. मला पहिल्यांदाच मोकळं हसू आलं.

वस्तीचं नाव मी देत नाही. पंधरा-वीस घरं असतील. बांधाच्या टोकाला इलुप्पैचं, म्हणजे आपल्या मोहाच्या जातीचं झाड आहे, त्याच्याखाली तो बसलेला आहे. माणसाहून मोठा. नाकाचा शेंडा उडालेला, एका खांद्यावर चीर. पण अंग तेलाने असं चकाकत होतं, की ढगाळ दिवसातही त्याच्यावर ऊन असल्यासारखं वाटलं. अजिंठ्यात मी पुष्कळ बुद्ध पाहिलेत. इतका धष्टपुष्ट, सांभाळलेला, घरचा बुद्ध पाहिला नव्हता. ह्याचंही कुणीतरी रोज करत होतं!

ते करणारी बाई झाडामागून आली. म्हातारी, कानांत ओघळलेली भोकं, हातात तेलाची बुधली. विहीणबाईंनी तिला वाकून काहीतरी सांगितलं. तिने यमूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आम्हां दोघींकडे पाहून एक प्रश्न विचारला.

यमूने विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी यमूकडे.

"काय विचारते ती?" मी म्हटलं.

विहीणबाईंनी सांगितलं. ह्या भागात पहिलटकरणीला आणतात ती इथे. कळा सुरू झाल्या की एक बाई मागे बसून पोरीची पाठ धरते. जी पाठ धरणार, तिनेच मुनीच्या पाठीला तेल चोळायचं. दुसरीचं चालत नाही. "आमच्या सासूनीं माझ्या वेळेस लाविलें. म्हातारी पुसत्ये, हिची पाठ कोण धरणार?"

म्हणजे हे 'मग' इथे येऊन ठेपणार होतं. त्यांना ते घरातून निघतानाच माहीत होतं.

"मी धरणार," मी मराठीतच म्हटलं आणि बुधलीकडे हात केला. "मी तिला न्यायलाच आले आहे. पुण्याला सगळी तयारी आहे. दवाखाना चार घरांवर आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, विहीणबाई, तुमच्याकडेही हीच रीत असेल."

"आहे," विहीणबाई म्हणाल्या. "रीत तीच. मी नको म्हणत नाहीं. तिला पुसा."

म्हातारीने बुधली मला दिली नाही, त्यांनाही दिली नाही. तिने ती यमूच्या हातात दिली.

यमूने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. बांगड्या वाजल्या. बुधली विहीणबाईंच्या हातात गेली.

"अम्मा धरतील," ती म्हणाली.

विहीणबाई मूर्तीमागे गेल्या. मी तिथेच उभी. निघून जावं तर जाणार कुठे, गाडी एकच. म्हातारीने माझा दंड धरला आणि मला मूर्तीसमोर खाली बसवलं. हात पसर, अशी खूण केली. मी पसरले. का पसरले ते विचारायचंही सुचलं नाही.

ज्याच्यासाठी एवढी लांब आले त्याला मी तेव्हा कुठे समोरून पाहिलं. मोडक्या नाकाखाली त्याचे ओठ मिटलेले. डोळे अर्धे मिटलेले. वाचकहो, मोठं काही झालं नाही. मन निवलं, तृष्णा गळाली, असं काही मी लिहू शकत नाही. मला त्याच्या दोन्ही कुशींपाशी मागेपुढे होणारी विहीणबाईंची बोटं दिसत होती. वरून खाली, वरून खाली, जोर लावून, जशी दुखणारी पाठ चोळतात तशी. त्या बोटांचा मला इतका हेवा वाटला की दातांवर दात बसले. तो बुद्ध आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता आणि एकीचीही बाजू घेत नव्हता.

चोळून झाल्यावर म्हातारीने मुनीच्या मांडीतल्या ओंजळीतून एक लिंबू उचललं, माझ्या पसरलेल्या हातांत ठेवलं, आणि विहीणबाईंना काहीतरी बजावून झाडामागे गेली.

विहीणबाई हात धुवायला पाटावर गेल्या. मी आणि यमू सावलीत.

"का गं?" मी विचारलं. "मी काय कमी केलं?"

"काहीच नाही, ताई."

"मग?"

तिने बांगड्या मागेपुढे केल्या. मग म्हणाली, "काल आल्यापासून तू माझ्या पोटाकडे बघतेस ना, तेव्हा तुला मी दिसत नाही. आई दिसते. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तू खीर करायचीस, आणि मला वाढून झाली की कोठीत जाऊन डोळे पुसून यायचीस. मला वाटायचं, सगळ्यांचे वाढदिवस असेच असतात."

"मी तुला कधी दिसू दिलं नाही."

"घर केवढं होतं, ताई?" ती किंचित हसली. "त्याच घरात, त्याच खोलीत, तू माझी पाठ धरणार. मी कण्हले की तू पांढरी पडणार. मग मी कळा देऊ, की तुला धीर देऊ? अम्मा रागावतात. पाय दुखतात म्हटलं तर म्हणतात, चाल. मला त्या वेळी रागावणारं माणूस हवंय."

मी म्हणणार होते, मीही रागावेन. पण ती माझ्याकडे पाहत होती, आणि मला रडू आलं होतं. तिचं म्हणणं तिथेच सिद्ध झालं.

विहीणबाई आल्या. माझं तोंड पाहून त्यांनी यमूला गाडीकडे पिटाळलं आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. हातांना अजून तेलाचा वास होता.

"लिंबू कां दिलें, पुसलें नाहींत."

"का दिलं?"

"पाठ धरणारीचे हात गुंतलेले. मज हात दोनच. पाठ धरूं कीं पोर घेऊं? पोर दाराबाहेर बसलेलीच्या हातीं द्यायचें. पहिलें तिच्या. मग बापास, मग मज. म्हातारी तुमचें ठरवून गेली." त्या थांबल्या. "माघांत या. दारांत बैसा. रडा पाहिजे तितकें, बाहेर कोण्ही पाहत नाहीं."

मला त्यांचं औदार्य नको होतं. औदार्य दाखवण्याइतकं त्यांच्याजवळ होतं, हेच तर माझं दुखणं.

"आणि विहीणबाई," उठता उठता त्या म्हणाल्या, "पांच वरसें आमच्या घरांत वरणास फोडणी दिली तरी ऐकत्यें, आमची ताई अशी देत नाहीं. ताईची पोळी, ताईचें अक्षर, ताईची शिवण. एक दिवस मी म्हटलें, जा बाई तुझ्या ताईकडेच! तर दोन दिवस जेवली नाहीं. मजला काय सुख वाटलें असेल?"

त्या तरातरा गाडीकडे गेल्या. मी लिंबू पिशवीत टाकलं आणि मागून गेले. परतीच्या वाटेवर माणिक्कमने बैलांना शिव्या दिल्या, विहीणबाईंनी माणिक्कमला दिल्या, आणि चिंचेचा भात आम्ही तिघींनी एकाच पानातून खाल्ला. भात फार चांगला होता. त्यात शेंगदाणे आणि तिळाची पूड असते. कृती मी विचारली नाही.

मी पुण्याला निघाले त्या दिवशी स्टेशनवर यमू माझ्या गळ्यात पडली आणि रडली. येताना मला हेच हवं होतं. आता ते पाहवेना.

घरी येऊन आठवडा झाला. तुम्ही जाणार असाल तर मार्गळीतच जा, हवा सोसवते. तमिळ येणारं कुणीतरी बरोबर असावं. शेतातल्या मूर्तींना हात लावण्याआधी विचारावं, आणि मुनी की चेट्टियार ह्या वादात पडू नये. त्याला बुद्ध म्हणण्याचा आग्रहही धरू नये. मी एकदा धरला, तर ती म्हातारी म्हणाली म्हणे, "असेल. त्याने कधी नाव सांगितलं नाही."

काय राहिलं, असं विचाराल तर मूर्तींचे दगड अजून डोळ्यांपुढे आहेत, आणि हेवाही आहे. तो रेल्वेत कुठे सांडला नाही. रात्री यमू उठून बसत असेल आणि ते दुसऱ्या कुणाला दिसत असेल, हे आठवलं की मीही उठून दिवा लावते. रजेचा अर्ज मात्र दिला आहे. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पुन्हा बुद्ध?" मी म्हटलं, "नाही, बहीण."

काल सकाळी राधाबाई आल्या. आमच्या पेठेतल्या सुईण. मी जाण्याआधीच त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी ओसरीवर फतकल मारली आणि खोलीकडे मान वळवली.

"आली का पोर? पोट बघू दे."

"नाही आली. बाळंतपण तिकडेच आहे."

"तिकडे?" राधाबाईंना ते पटेना. "पहिल्या खेपेला सासरी? असं कुणी करतं का, बाई? कोण आहे तिथे तिचं?"

मी उत्तर जुळवायला लागले. दवाखाना, लांबचा प्रवास, गाडीचे धक्के. काही धडपणे जुळेना.

"तिची आई आहे," मी म्हटलं.

राधाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आमच्या आईला शेवटचं न्हाऊ त्यांच्याच सासूने घातलं होतं. मी चहा टाकायला आत गेले. पाणी उकळेपर्यंत तिथेच उभी राहिले. हात रिकामे होते, आणि ते काही वेळ मी तसेच, पसरलेले, ठेवले.